काकूंचा उजवा कान आणि डच ऑर्गन

पहिल्याच ओळीत सांगते: हा बँड मला आवडला नव्हता. नुसता आवडला नव्हता असंही नाही, राग आला होता.

आमच्या संघटनेत पत्रक लिहायला शिकवतात, तेव्हा पहिला नियम असतो की मागणी पहिल्या वाक्यात आली पाहिजे. वाचणारा माणूस उभा असतो, त्याच्या हातात भाजीची पिशवी असते, त्याला रिक्षा पकडायची असते. दुसऱ्या वाक्यापर्यंत तो थांबेल याची काही खात्री नाही. मी अशी पत्रकं कामोठ्याच्या नाक्यावर वाटली आहेत, उलव्यात इमारती बांधणाऱ्या मजुरांच्या वस्तीत पाण्यासाठी वाटली आहेत, पोलिसांनी हातातून हिसकावून घेतली तरी वाटली आहेत. आणि हे हॉलंडचे लोक! ऑर्गनवाला एक सूर धरून बसतो. मग ड्रमवाला सावकाश येतो, जणू त्याला कोणी बोलावलंच नव्हतं. गिटारवाला आपलं वेगळंच विणत बसतो. रेकॉर्डची अर्धी बाजू संपली तरी कोणी तोंड उघडत नाही.

"यांचा मुद्दा काय आहे पण?" मी काकूंना विचारलं.

"मुद्दा असता तर त्यांनी सभा घेतली असती," काकू म्हणाल्या. "तू जरा गप्प बस आणि ऐक."

काकू म्हणजे आमच्या समोरच्या दारातल्या. पनवेलच्या जुन्या वस्तीतली आमची बिल्डिंग, प्रत्येक मजल्यावर दोन दारं. आम्ही आगरी. उलव्याकडची आमची जमीन विमानतळात गेली तेव्हा आईबाबा मला घेऊन इथे आले. समोर काका-काकू, ज्यू. कोकणातले, बोलणं अस्सल मराठी, दाराच्या चौकटीला देववचनाचा कागद आत असलेली छोटी तिरकी डबी, आत-बाहेर करताना तिला बोट लावून ओठांना लावायचं. त्यांचे बहुतेक नातेवाईक केव्हाच इस्रायलला गेले. हे दोघं राहिले. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, काकू मुंबईत बोटींच्या एका कंपनीत टायपिस्ट होत्या. तिथे कधीतरी एका डच बोटीच्या रेडिओ ऑफिसरने बोट सुटताना दोन रेकॉर्डी टेबलावर ठेवल्या आणि गेला. नंतरच्या काकूंनी स्वतः मिळवल्या, कुणाकुणाला सांगून, वर्षानुवर्षं.

"त्याचं आणि तुमचं काही होतं का?" मी एकदा सरळ विचारलं होतं.

"होतं ना," काकू म्हणाल्या. "त्याच्या बोटीचे कागद मी चुकीचे टाइप केले होते. मला वाटलं, ओरडायला आलाय."

आता शनिवारचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ. त्या वेळात विजेचं बटण दाबायचं नाही, गॅस पेटवायचा नाही, फोन नाही, वाद्य नाही, रेकॉर्ड नाही. दुसऱ्या धर्माच्या कुणी आपणहून केलं तर चालतं. मात्र त्याला 'कर' असं सांगायचं नाही. म्हणून शनिवारी आई त्यांच्याकडे एक चक्कर मारायची. काका म्हणायचे, "आज अंधारून आलंय." आई दिवा लावायची. काका म्हणायचे, "चहाची आठवण येते." आई गॅस पेटवायची. ना त्यांनी सांगितलं, ना हिने विचारलं. आईचे गुडघे दुखायला लागल्यावर हे काम माझ्याकडे आलं, आणि मी वैतागले. मला वाटायचं, हे काय नाटक आहे? एकदा मी म्हणालेसुद्धा, "काका, सरळ सांगा ना, दिवा लाव म्हणून. देवाला काय कळत नाही?"

काका हसले होते. "पुढारीणबाई, देवाला सगळं कळतं. प्रश्न आपल्याला काय कळतं याचा आहे."

मला असली उत्तरं आवडत नाहीत. तेव्हाही नाही आवडलं.

काकूंच्या कानामागे गाठ आहे असं कळलं, तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं ते आमच्या पत्रकाच्या नियमात बसणारं होतं. गाठ काढावी लागेल. काढली नाही तर मेंदूवर दाब येईल. काढली तर त्या कानाने ऐकू येणार नाही. आणि तो उजवा कान होता. डावा कान लहानपणी गालगुंड झाला तेव्हाच गेलेला. म्हणजे काकूंकडे ऐकायला एकच कान, आणि तोच जाणार. डॉक्टर हे बोलताना समोरच्या कॉम्प्युटरकडे बघत होता. मी म्हटलं, "पेशंट इकडे बसलाय." काकांनी माझा दंड धरून मला बाहेर काढलं.

घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "मला सगळ्या ऐकायच्या आहेत. पहिल्यापासून. क्रमाने."

"कशाच्या सगळ्या?"

"त्यांच्या." त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. "आणि माझा हात थरथरतो. सुई मला ठेवता येत नाही. तू ठेवायचीस."

काकांना विचारण्यात अर्थ नव्हता. काका त्या संगीताला गिरणी म्हणायचे. "लागली का गिरणी?" म्हणायचे आणि वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत जायचे.

तर असं सुरू झालं. दर शनिवारी तारे दिसले की मी समोर जायचे. काका शब्बाथ संपल्याची प्रार्थना म्हणायचे, मसाल्याची डबी सगळ्यांच्या नाकाखाली फिरायची, आणि मग मी रेकॉर्ड काढून, बोटं न लावता, कडांना धरून ठेवायचे. हे काकूंनी मला शिकवलं. "मोर्च्यातला बोर्ड नाहीये तो. असा धरायचा." पहिल्या रेकॉर्डीत ते पोरसवदा होते, इतर बँडची नक्कल करत होते, ऐकताना लगेच कळतं ते. मी तसं म्हटलं. काकू म्हणाल्या, बरोबर. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत त्यांना स्वतःचा आवाज सापडला. ऑर्गन देवळातल्या पेटीसारखा सुरू व्हायचा आणि बघता बघता खवळलेल्या भरतीसारखा व्हायचा. ताल असा की टाळी वाजवायला जावं तर हात हवेत राहावा. मी घोषणा देणारी आहे, माझा ताल चारचा असतो, सगळा महाराष्ट्र चारच्या तालात घोषणा देतो. यांचा ताल सातवर पडायचा, मग पाचवर, मग पुन्हा कुठेतरी. मला मुद्दाम कोणी पायात पाय घातल्यासारखं वाटायचं.

मग मधली वर्षं आली. त्यांनी केस कापले, चकचकीत कपडे घातले, आखूड गाणी केली आणि त्या गाण्यांत प्रेम, रात्र, शहर असले शब्द भरले. मला बरं वाटलं, निदान शब्द तरी आले. काकू म्हणाल्या, "हे ऐकायचं, पण तोंड वाकडं करून ऐकायचं." मग बँड मोडला. मग बऱ्याच वर्षांनी पुन्हा जुळला. त्यातले काही मेले होते, काही आले नाहीत, तरुण माणसं घेतली. शेवटच्या काही रेकॉर्डी तर रेकॉर्डीच नाहीत, त्या मी फोनवर शोधून माझ्या सभेच्या स्पीकरवर लावल्या. गाणाऱ्याचा आवाज म्हातारा झालेला, वरच्या सुराला जाताना हळूच बाजूने जाणारा. पण ऑर्गन तोच. एवढ्या वर्षांत, एवढी माणसं बदलून, एवढा अपमान सोसून (मधल्या वर्षांत यांच्यावर जगभर हसले लोक, मी वाचलंय), तरी हे पुन्हा तेच लांबलचक, बिनशब्दाचं, कुणी न मागितलेलं वाजवत होते. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांच्याबद्दल काहीतरी वाटलं. आमच्या संघटनेतसुद्धा असे दोनतीन म्हातारे आहेत.

पण हे ऐकणं म्हणजे मजा होती असं समजू नका. दर शनिवारी एकेक गोष्ट जात होती. काकू उजवा कान पुढे करून, डोळे मिटून ऐकायच्या आणि मधेच, टाइप केल्यासारखं, सपाट आवाजात सांगायच्या.

"झांजा गेल्या."

पुढच्या वेळी: "गिटारचं वरचं टोक गेलं."

मी आवाज वाढवायचे. खालच्या मजल्यावरचे एकदा वर आले. मी दारातच त्यांना असं काही बोलले की ते पुन्हा आले नाहीत. आणि मी रोज, रिक्षात, सभेला जाताना, पोस्टर चिकटवताना, कानात तेच लावून ठेवायचे. मला वाटायचं, त्यांच्या कानातून जे जातंय ते कुणाच्या तरी कानात राहिलं पाहिजे. हे वेडेपणाचं आहे, मला माहीत आहे.

सगळ्यात जास्त ऐकली ती एक बाजू. त्यांच्या चांगल्या दिवसांतली, एका बाजूभर एकच तुकडा, शब्द नाहीत. त्याला इंग्रजी नाव होतं, पण काकूंनी त्याचे स्वतःचे भाग पाडले होते: सुरुवातीचा जिना, मग बोट, मग मधलं मोठं भांडण, मग चूल, आणि शेवटी पुन्हा एकटा ऑर्गन, त्याला त्या काहीच म्हणायच्या नाहीत. ऑपरेशन बुधवारचं ठरलं. मंगळवारी भरती व्हायचं. त्याआधीच्या शनिवारी, तारे दिसल्यावर, ती बाजू शेवटची ऐकायची असं ठरलं. एकदाच. नंतर दुसरं काही नाही. काकू म्हणाल्या, "त्यानंतर मला कोणी काही ऐकवायचं नाही. मला तेच आत न्यायचंय."

त्या शनिवारी सकाळी फोन आला, आणि तो माझ्या फोनवर आला, कारण शनिवारी ते दोघं उचलत नाहीत म्हणून हॉस्पिटलात माझा नंबर दिलेला. पलीकडची बाई भराभर बोलत होती. या आठवड्यातला स्कॅन सरांनी पुन्हा पाहिला. गाठीने जोर केलाय. उद्या सकाळची पहिली केस तुमची. आज चारच्या आत भरती करा.

"चारच्या आत का? रात्री आणतो."

"मॅडम, रात्री बेड नाही मिळणार. तपासण्या आहेत. पेशंटला चक्कर येतेय का?"

येत होती. गेले दोन दिवस काकू भिंतीला धरून चालत होत्या.

मी समोर गेले आणि सगळं सांगितलं, पहिल्या वाक्यात मागणी. काका खुर्चीत प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसले होते. त्यांनी पुस्तक मिटलं.

"निघू या," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, वाद होईल. मी तयारीनेच आले होते. "म्हणजे गाडीत बसणार तुम्ही? शनिवारी?"

"जिवावर बेतलं तर शब्बाथ बाजूला ठेवायचा. ती सूट नाहीये, तोसुद्धा हुकूमच आहे."

आई मागोमाग आली, कुणाला काही न विचारता आत गेली आणि काकूंची बॅग भरायला लागली. मी गाडी सांगितली. अजून वेळ होता. आणि मग त्या घरात एकदम काही करायचं राहिलं नाही.

काकू कपाटाशेजारी बसल्या होत्या. रेकॉर्ड प्लेयरच्या झाकणावर त्यांचा हात होता. झाकण त्या उघडत नव्हत्या, हात नुसता ठेवलेला. संध्याकाळी आम्ही घरी नसणार होतो, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. भरती झाल्यावर आत फोन नाही, भेटायला कुणी नाही; तिथे त्यांचं डोकं भादरणार, सलाईन लावणार, सकाळी भूल देणार. ती बाजू ऐकायची राहणार. आणि उद्यानंतर कधीच नाही.

मला कळलं तेव्हा मी भडकले.

"हे बरोबर नाही," मी म्हणाले. "जीव वाचवायला गाडी चालते. बटणं दाबलेली चालतात. लिफ्ट चालते. आणि एक रेकॉर्ड चालत नाही? कुठला न्याय आहे हा? काकूंना हे पुन्हा कधीच ऐकू येणार नाही. कधीच! तुमच्या देवाला..."

"ओरडू नकोस," काका म्हणाले. "ही कलेक्टर कचेरी नाही."

"मग काय आहे? तिथे निदान निवेदन तरी घेतात."

"गाणं म्हणजे जीव नाही."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर गिरणी म्हणता त्याला!"

आईने आतून बॅगेची चेन जोरात ओढली. काका उठले. खिडकीपाशी गेले, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा तो टिटिट आवाज चालला होता. तो थांबला. मग काका खिडकीबाहेर बघतच, घसा साफ करून म्हणाले,

"आज घर फार गप्प वाटतंय."

मी रागातच होते. मी म्हणाले, "गप्पच वाटणार ना! तुम्ही कुणाला काही..." आणि तिथे मला कळलं. आणि कळल्यावर मी काय करावं? हात पुढे करावा, झाकण उघडावं, बाजू लावावी. एवढंच. हे मी इतकी वर्षं करत आले होते. पण मला खात्री हवी होती. मला नेहमी खात्री हवी असते, लेखी, सहीशिक्क्याची.

"म्हणजे रेकॉर्ड लावू का?" मी म्हणाले. "काका? लावू ना? सरळ हो म्हणा."

काका वळले. त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता, दारात येऊन दार बंद मिळालेल्या माणसासारखा. आता 'हो' म्हटलं तर ते सांगणं होणार होतं. आणि आता मी न बोलता लावली असती, तरी ती त्यांच्याच होकाराची वाट बघून लावलेली असती.

"नको," ते म्हणाले.

काकूंनी झाकणावरचा हात काढून मांडीवर घेतला.

आईने मला दंडाला धरून जिन्यात आणलं. "आगो, तुला काय कलतं का?" ती दात आवळून म्हणाली. "तो मानूस आयुष्यात कधी वाकला नाय. आज वाकला, आन् तू त्याला इचारतंस, वाकलाव का? आमी एवढी वरसा जातो त्यांच्याकडं, कधी इचारलं का?"

"मग आता काय करू?"

"आता काय करतंस! आता नाय म्हनलं त्यांनी."

मला 'आता काही करता येत नाही' हे वाक्य चालत नाही. मी आमच्या घरात गेले, सभेचा स्पीकर ओढत दारापर्यंत आणला, उंबऱ्याच्या आत, आमच्या हद्दीत. दोन्ही दारं उघडी होती, मधे जिन्याची चार पावलांची जागा. माझं घर, माझा फोन, माझा स्पीकर. मी ऐकायला बसले, मला ऐकायचंय, कोण अडवतं बघू. मी ती बाजू लावली. जिना सुरू झाला, ऑर्गनचे ते एकामागून एक चढणारे सूर.

काकू दारात आल्या. भिंतीला धरून, पाय फाकवून, बोटीवर उभं असल्यासारख्या. उजवा कान त्यांनी माझ्याकडे केला नव्हता. तो त्यांनी हाताने झाकला होता.

"बंद कर."

"काकू, मी माझ्यासाठी लावलंय."

"खोटं बोलू नकोस. तुला जमत नाही ते."

"मग तुमच्यासाठी लावलंय! बरं? तुमच्यासाठी. त्यात काय चुकलं? त्यांना पाळायचंय तर पाळू दे, तुम्ही का..."

"त्यांना?" काकू म्हणाल्या. "आणि मी काय पाहुणी आहे इथे? मी जन्मभर पाळलंय ते त्यांच्या धाकाने?"

खरं सांगायचं तर मी तसंच समजत होते. माझ्या डोक्यात ते पत्रक छापूनसुद्धा झालं होतं: एक कडक म्हातारा, एक पिचलेली बाई.

"उद्या ते मला भूल देणार," काकू म्हणाल्या. "उठेन की नाही मला माहीत नाही. आज घाबरून पळवाट काढली, तर उद्या मी कुणाचं नाव घेऊ त्या टेबलावर? तुझ्या संघटनेचं?"

मी बंद केलं.

काकूंनी कानावरचा हात काढला. आई जिन्याच्या पायरीवर बसली होती. मग काकू म्हणाल्या, "तुला ती पाठ आहे ना?"

"काय?"

"ती बाजू. दिवसभर कानात असते तुझ्या. पाठ असेल."

"असेल. म्हणजे, आहे."

"मग म्हण."

"काकू, त्याला शब्द नाहीत!"

"मला माहीत आहे शब्द नाहीत ते. वाजवायला बंदी आहे, तोंडाने म्हणायला नाही. आम्ही शनिवारी टेबलाशी बसून गातोच की. ये इकडे."

"माझा गळा घोषणांचा आहे. मला सूर नाही. शाळेत मला प्रार्थनेला ओठ हलवायला सांगायचे नुसते."

"अगं मोर्चेवाली, तुला कोण टाळ्या वाजवणार आहे? बस इथे."

त्यांनी मला उजव्या बाजूला मोढ्यावर बसवलं आणि कान माझ्या तोंडाशी आणला. त्यांच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. काका दारात उभे राहिले. मी घसा खाकरला.

मी जिना म्हटला. म्हणजे काय म्हटलं ते देवाला ठाऊक. काहीतरी उं-उं असं, चढत जाणारं. आवाज फाटत होता. काकूंनी डोळे मिटले. "हळू," त्या म्हणाल्या. "जिना आहे, मोर्चा नाही." मी हळू केलं. बोटीपाशी आले, तिथे ताल सातचा होतो, मी दर वेळी कुठेतरी एक मात्रा जास्त धरत होते. काकू जिभेने ताल देऊ लागल्या, टक टक-टक. काकांची बोटं चौकटीवर हलायला लागली होती. त्यांनी ती दुसऱ्या हाताने धरून ठेवली. शब्बाथच्या दिवशी हाताने ठेका धरलेलाही त्यांना चालत नाही.

मग भांडण आलं, आणि मी अडकले. तिथे सगळी वाद्यं एकमेकांवर तुटून पडतात. माझ्याकडे तोंड एकच. मी गिटार धरली तर ऑर्गन सुटायचा, ऑर्गन धरला तर खालचा तो जाड सूर सुटायचा, ज्याच्यावर सगळं उभं आहे. मी थांबले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबले. काकूंच्या कपाळावर आठी पडली.

तेव्हा मागून तो जाड सूर आला. घोगरा, बरोब्बर जागेवर. मी वळून बघितलं. काका चौकटीला टेकून, जमिनीकडे बघत, नाकातून म्हणत होते. सगळा. वळणांसकट. ज्याला वैतागून इतकी वर्षं ते वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत गेले होते, ते त्या भिंतीतून त्यांच्यात गेलं होतं.

"बघतेस काय," ते एका श्वासात म्हणाले. "पुढे म्हण. मला आवडत नाही हे अजूनही."

मी गिटार धरली. काका खाली होते म्हणून मला वर जाता आलं. काकू हसत नव्हत्या, रडत नव्हत्या. त्या ऐकत होत्या. इतकं ऐकणारं माणूस मी कुठल्याच सभेत बघितलेलं नाही.

"गाडी आली," आई पायरीवरून म्हणाली.

भांडण अर्ध्यात होतं. ते अजून बरंच चालतं, मग चूल, ती तर सगळ्यात लांब. माझा फोन वाजायला लागला, ड्रायव्हर. खालून हॉर्न. आईने बॅग उचलली. मी काय करावं? शेवट राहिला असता तर सगळंच राहिलं असतं. मी भांडण तिथेच तोडलं, चूल पूर्ण टाकून दिली आणि एकदम शेवटच्या एकट्या ऑर्गनवर गेले. काका गोंधळून थांबले. मी काकूंना दंडाला धरून उठवलं आणि तसंच, त्यांच्या कानाशी तोंड ठेवून, एकेक पायरी उतरत म्हणत राहिले. पहिल्या मजल्यावरचं दार किंचित उघडलं आणि मिटलं. शेवटचा सूर मी गाडीच्या दारापाशी धरला आणि श्वास संपेपर्यंत धरला. ड्रायव्हर आरशातून बघत होता. त्याला मी काय वाटले असेन ते वाटो.

काकूंनी मान हलवली. बरोबर म्हणून की पुरे म्हणून, मला कळलं नाही, आणि या वेळी मी विचारलं नाही.

ऑपरेशनला डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच्या दुप्पट वेळ लागला. काका बाहेरच्या बाकावर बसले होते, मी उभी होते. गाठ निघाली. जीव वाचला. कान गेला. डॉक्टरने हे सांगताना या वेळी काकांकडे बघितलं.

दोन दिवसांनी मला आत सोडलं. काकूंच्या डोक्याला पांढरी पट्टी होती, चेहरा एका बाजूला सुजलेला. मी पलंगाशी गेले आणि सवयीने म्हणाले, "कशा आहात?" मग लक्षात आलं आणि तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आवाजाचा काही उपयोग नव्हता.

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि बोलल्या. स्वतःचा आवाज आता त्यांना कळत नव्हता, त्यामुळे तो केवढा निघाला! सगळा वॉर्ड वळला.

"चूल खाल्लीस तू!"

नर्स धावत आली, ओठांवर बोट ठेवून श्शू म्हणाली. काकूंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आणि भांडण अर्धं सोडलंस! मला काय कळत नाही?"

मी मान हलवली. खाल्ली होती. सोडलं होतं. मी हाताने गाडी दाखवली, घड्याळ दाखवलं. त्यांनी ते सगळं हाताने उडवून लावलं आणि पलंगाशेजारचं स्टूल दाखवलं, समोर, उजवीकडे नाही.

"बस," त्या वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आता म्हण. मी बघते."